गावपळणीच्या रात्री पुस्तकं काय करतात

मे महिन्यात आमच्या अंगणात काय वाळत पडलेलं नसतं! चौथं पूट चढलेली आमसुलं, आंब्याची साठं, कुळीथ, सोललेल्या सुपाऱ्या. 2021 साली त्यात पुस्तकंही होती.

तौक्ते वादळ 16 मेला, रविवारी, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. आदळलं ते दुसऱ्या दिवशी गुजरातेत. पण जाता जाता आमच्या परसातला एक माड त्याने पडवीवर आडवा केला. कौलं फुटली आणि पाऊस थेट आत. पडवीत आजोबांचं पुस्तकांचं कपाट होतं. माणसं सगळी सुखरूप होती, त्यामुळे रडायला तोंड नव्हतं.

मी वेंगुर्ल्याजवळ एका काजू कारखान्यात हिशेब लिहिते. संकट आलं की मी आधी मोजते. पुस्तकं भरली 163. त्यातली 40 कोरडी, 70-75 कडांना भिजलेली, बाकीची चिंब. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं तशी मी आमसुलांच्या चटया सरकवल्या आणि चिंब पुस्तकं उघडी करून उन्हात मांडली. शेजारच्या काकी गडग्यावरून वाकून म्हणाल्या, "कसलां साठ घातलंस गो ह्यां?"

संध्याकाळपर्यंत साठच झालं. पुठ्ठे धनुष्यासारखे वाकले, पानं आमसुलासारखी आक्रसली, आणि जी पुस्तकं वरून सुकल्यासारखी दिसत होती त्यांच्या पोटात बोट घातलं तर गार चिखल. वीज नव्हती, ती पुढे आठवडाभर नव्हती. फोनला रेंज यायची ती फक्त विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं की. तिथे उभी राहून मी सावंतवाडीच्या एका म्हाताऱ्या बाइंडरना फोन लावला. आमच्या कारखान्याच्या खतावण्या तेच बांधून देतात.

"उन्हात कित्याक घातलंस?" ते ओरडलेच. "पुस्तक म्हणजे बांगडो नाय सुकवूक!"

मग त्यांनी सांगितलं ते मी वीजबिलाच्या पाठीवर लिहून घेतलं. ऊन नको, वारा हवा. पुस्तक उभं करायचं, पानं पंख्यासारखी थोडी थोडी उलगडायची. दर वीस-पंचवीस पानांमागे वर्तमानपत्राचा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्यात सगळी आटपणार नसतील तर उरलेली प्लास्टिकच्या पिशवीत घालून गोठवायची. गोठलं की बुरशी थांबते, मग सवडीने एकेक काढता येतं. गुळगुळीत चित्रांच्या कागदाला मात्र पहिला हात लावायचा. त्या कागदावर मातीचा लेप असतो. पानं ओली आहेत तोवर सुटी केली नाहीत, तर सुकल्यावर ती जन्मात सुटत नाहीत.

हे शेवटचं त्यांनी सांगेपर्यंत माझ्या हातून व्हायचं ते होऊन गेलं होतं. सकाळीच मी चित्रांचं एक जाडजूड पुस्तक, जे आजोबा आम्हाला मांडीवर घेऊन दाखवायचे, कोळशाच्या इस्त्रीने सुकवायला घेतलं होतं. मला फार हुशारी वाटली होती त्यात. त्याची वीट झाली. ती वीट अजून आमच्या न्हाणीघराचं दार अडवायला वापरतो. आई म्हणते टाकून दे, मी टाकत नाही.

गोठवायचं कुठे हा प्रश्न होता. शेजारी मासळीच्या धंद्यातले. त्यांचा डीप फ्रीझर जनरेटरवर चालू होता. त्यांनी काही न विचारता जागा करून दिली. बावीस पुस्तकं पिशव्यांत गुंडाळून, एका बाजूला बांगडे नि दुसऱ्या बाजूला सुरमईचे तुकडे, अशी पाच आठवडे राहिली. पिशव्यांना गाठी नीट मारल्या होत्या, तरी एका पुस्तकाला तो वास लागलाच. अजून आहे. ते पुस्तक खाली ठेवलं की मांजर येऊन त्यावर बसतं.

सुकवण्याच्या या उद्योगात माझा भाचा मदतीला होता. नऊ वर्षांचा, मुंबईचा, लॉकडाऊनमुळे आमच्याकडे अडकलेला. वर्तमानपत्रं बदलायचं काम त्याचं. दर दोन तासांनी तो हाक मारायचा, "मावशी, पेशंटचं डायपर!" एका रहस्यकथेचं शेवटचं पान उलगडताना तो थबकला. पानाची जाळी झालेली. खुनी कोण ते जिथे लिहिलं होतं नेमकं तिथे भोक.

"हे वादळानं केलं?"

"नाही रे. कसर लागली. जुनी आहे."

"म्हणजे तिनं शब्द खाल्ले?"

"हो."

"मग तिला माहीत असणार खुनी कोण ते."

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. हिशेब लिहिणाऱ्या बाईला 'कसर' हा शब्द रोजचा. गल्ल्यात कमी पडली ती कसर, ती भरून काढायची. घरात करायची ती काटकसर. आणि पुस्तक खाणारी तीही कसरच. हे तिन्ही एकाच शब्दात बसलेत हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शब्द खाऊन शहाणी झालेली एक कसर, आणि तिच्याकडून खाल्लेले शब्द परत मिळवायचे आहेत, म्हणजे अक्षरशः कसर भरून काढायची आहे. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात मी भाच्याला तिची गोष्ट सांगायला लागले. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या एका रद्द खतावणीत ती लिहायलाही घेतली. उभ्या रेघांवर, जमा नि खर्च अशा दोन रकान्यांच्या मधून.

पहिला खर्डा भिकार होता. त्यात एक ग्रंथनगरी होती, सोन्याच्या कडांची पुस्तकं होती, आणि एक ग्रंथदेवी होती जी दर दुसऱ्या पानावर ज्ञानाचं महत्त्व सांगायची. मुलांसाठी लिहायला बसलं की आपल्या आत एक मुख्याध्यापक जागा होतो, त्याला आधी घराबाहेर काढावं लागतं. भाचा तिसऱ्या पानाला झोपला. कसर आली की मात्र डोळे उघडायचा. ती थांबली की पुन्हा झोप.

मग मला गावपळण आठवली.

माझं आजोळ आचरा. तिथे काही वर्षांनी श्री देव रामेश्वराचा कौल झाला की गावपळण होते. तीन दिवस तीन रात्री अख्खा गाव वेशीबाहेर जातो. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या, कुत्री, मांजरं सगळी जातात. बाहेर माळावर नि खाडीच्या काठाला झावळ्यांच्या राहुट्या पडतात. चुली पेटतात, रात्री भजनं होतात. गावात कोणी नसतं, दिवा नसतो. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, देवाने होकार दिला की सगळे परत. शेजारच्या चिंदरलाही अशीच गावपळण होते. लहानपणी एका गावपळणीला मी होते. बोचकी आवरण्याच्या गडबडीत माझं अर्धं वाचलेलं पुस्तक मामाच्या घरी उशाखाली राहिलं. पहिल्या रात्री राहुटीत मी रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणजे झोपडी डोक्यावर घेतली. मामा समजूत काढत म्हणाला होता, "रडतंस कित्याक? तां आता आपणच आपणाक वाचीत असतलां."

चाळीस वर्षांनी ते वाक्य कामाला आलं. माणसं वेशीबाहेर गेल्यावर पुस्तकांना गाव मोकळा मिळतो. ग्रंथनगरी, सोन्याच्या कडा, ग्रंथदेवी, सगळं मी एका रेघेने खोडलं. गाव आमचाच ठेवला. पुस्तकंही आमच्याच कपाटातली घेतली. सभेचं गावकरपण एका मोडी खतावणीकडे, कारण तिला वाचू शकणारा कोणी उरलेला नाही, पण कोणाच्या पणज्याने कोणाला किती बुडवलं हे सगळं तिच्या पोटात आहे. गेल्या वर्षीचं पंचांग, ज्याचं म्हणणं आपण बरोबरच होतो, दिवसच पुढे निघून गेले. बांगड्याचा वास लागलेलं एक पुस्तक, ज्याला मांजरांची फार भीती, आणि म्हणून मांजरं वेशीबाहेर गेलेल्या त्या तीन रात्रींची जे वाट बघत असतं. आणि एक खिळ्यांचं पुस्तक, म्हणजे जुन्या खिळाछपाईचं, ज्याची फुशारकी अशी की आपलं घराणं याच किनाऱ्यावर उतरलं. ती फुशारकी अगदीच पोकळ नाही. हिंदुस्थानातला पहिला छापखाना 1556 साली गोव्यात उतरला. तो निघाला होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, पण राहिला इथेच. आमच्या वेंगुर्ल्यापासून गोवा तो किती लांब! तर हे पुस्तक रात्रभर सांगत असतं, "आम्ही मूळचे ॲबिसिनियाचे."

एक अडचण निघाली, ती मला फार आवडली. गावात कोंबडा नाही, कारण कोंबडेही वेशीबाहेर. मग पहाट झाली हे पुस्तकांना कळणार कसं? या एका प्रश्नावर पाचवं आणि सहावं प्रकरण उभं राहिलं.

हस्तलिखित मी मामाला वाचायला दिलं. मामा आता पंचाहत्तरीचा. त्याने चष्मा कपाळावर चढवून चार दिवस वाचलं आणि चुका काढल्या. पुस्तकांची सभा मी देवळात भरवली होती. "देवळात नको," मामा म्हणाला. "ते तीन दिवस गाव देवाचो. तेच्या पुढ्यात तुझी पुस्तकां भांडतली?" बरोबर होतं. मी सभा उचलून एसटीच्या निवाऱ्यात नेली आणि ते प्रकरण एकदम जिवंत झालं. एसटीची वाट बघत बसलेल्या पुस्तकांइतकं केविलवाणं काही नसतं. गाऱ्हाणंही, म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने घालायचं साकडं, त्याने मला बसून सुधारून दिलं. कुठे थांबायचं, "होय महाराजा" कुठे पडायचं. माझ्या गोष्टीत पुस्तकं गाऱ्हाणं घालतात ते पाणी, तेल आणि सैल शिवणीबद्दल.

हे तीन शत्रू माझे नव्हेत. आजोबांच्या ग्रंथयादीच्या वहीवर जुन्या पोथ्यांच्या शेवटी असतो तो श्लोक लिहिलेला होता. तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबंधनात्, मूर्खहस्ते न दातव्यम् एवं वदति पुस्तकम्. तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, मूर्खाच्या हाती देऊ नको, असं पुस्तक म्हणतं. पुस्तक स्वतः बोलतंय! म्हणून मी तो श्लोक गोष्टीच्या मध्यावरच ठेवला. खलनायकही त्यातूनच काढला. भजी खाल्लेल्या हाताने पानं उलटणारा, कोपरे मुडपणारा एक वाचक. आणि नायक कोण, तर कुलपातल्या कपाटातलं एक पुस्तक. खाकी कव्हर घातलेलं, पाठीवर आकडा लिहिलेलं, एकही डाग नसलेलं.

इथपर्यंत मामाने वाचलं आणि काही बोलला नाही. मग उठला, करगोट्याची किल्ली काढली आणि माजघरातलं त्याचं कपाट उघडलं. लहानपणी त्या कपाटाला हात लावायची आम्हा मुलांना बंदी होती. डांबरगोळ्यांचा वास आला. साठेक पुस्तकं, सगळ्यांना खाकी कव्हरं, सगळ्यांच्या पाठीवर लाल शाईने आकडे, एका रेषेत उभी. परेडच.

"काढ खंयचांय एक," मामा म्हणाला.

मी 23 नंबरचं पुस्तक काढलं. ते हातात आलं ते पिसासारखं. पाठ शाबूत, कव्हर शाबूत, आत माती. वाळवी मागच्या भिंतीतून शिरली होती आणि पुठ्ठ्याला धक्का न लावता तिने आतलं सगळं नेलं होतं. मी 24 काढलं, 25 काढलं. खालच्या दोन रांगा अशाच. वाळवी बाहेरच्या अंगाला येतच नाही, उजेड लागतो ना. दर महिन्याला कोणी एक पुस्तक जरी काढून वाचलं असतं तरी पहिल्या चिमूटभर मातीला कळलं असतं. मामाने हे मागच्या पावसाळ्यात बघितलं होतं आणि पुन्हा कुलूप लावून ठेवलं होतं. मामीलाही सांगितलं नव्हतं.

मी वेंगुर्ल्याला परत आले आणि नायक नि खलनायकाची अदलाबदल केली. म्हणजे साडेतीन महिने गेले, पण सांगायला एवढंच आहे. आता तिसऱ्या रात्री ते निष्कलंक पुस्तक निवाऱ्यात येतं. सगळे त्याला मधली जागा देतात. मोडी खतावणीसुद्धा सरकून बसते. त्याला बोलायचा आग्रह होतो. ते तोंड उघडतं आणि माती पडते. मग कसर पुढे होते. आरोपीच्या पिंजऱ्यातली ती. भजीवाल्या वाचकाला त्यातलं काय काय आठवतं ते तिने राहुट्यांच्या फटींतून ऐकलेलं असतं, आणि तेवढंच ती एकेक शब्द करून भरत जाते. सगळं भरत नाही.

छापण्याची कथा लांबवत नाही. एका प्रकाशकाने मालवणी काढून टाका म्हणून कळवलं, दुसऱ्याने माझ्याकडेच इतके पैसे मागितले की त्यात दोन माड विकत आले असते, फळांसकट. मी स्वतःच छापलं, कोल्हापुरात, 300 प्रती. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, लेखकालाही मिळतो आणि फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन होतो. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर तो क्रमांक 'मिळवून देतो' म्हणणाऱ्या गृहस्थाला मी चहाही पाजला नसता.

खरा छळ अक्षरजुळणीत झाला. मी युनिकोडमध्ये टाइप केलं होतं, प्रेसवाल्यांकडे जुना फॉन्ट. त्या रूपांतरात 'ऱ्ह' नि 'ऱ्य' मोडले. गाऱ्हाणं हा शब्द पुस्तकात 41 वेळा आहे. एकूणएक ठिकाणी 'गार्हाणं' झालं. गार हाणल्यासारखं. सुऱ्या, वाऱ्यावर, किनाऱ्यावर, सगळ्यांची तीच गत. प्रेसमधला मुलगा म्हणाला, "ताई, वाचणाऱ्याला कळतं की." त्याला सांगितलं, कारखान्यात पैचा फरक पडला तरी मी रात्री घरी जात नाही. तीन प्रुफं झाली. चौथ्या वेळी तो स्वतःच 'ऱ्ह' शोधून माझ्या आधी दाखवायला लागला.

पुस्तक आठ फर्म्यांचं, म्हणजे सोळाचे आठ, 128 पानं. मजकूर 125 पानांत संपला. उरलेल्या तीन पानांवर जाहिराती घ्या, असं प्रेसचं म्हणणं. मी ती कोरी ठेवली आणि वर फक्त 'कसरीसाठी' असं छापलं. कायद्याप्रमाणे प्रती पाठवायच्या असतात, तो 1954 चा कायदा आहे. कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीला. पोस्टात पार्सलांवर पत्ते लिहिताना मला उगीचच वाटलं, आमच्या पडवीतली कसर आता कोलकात्याच्या कपाटांत शिरणार. त्यांनी जपून राहावं.

भाचा आता दाढीच्या उंबरठ्यावर आहे. त्याला पुस्तक आवडलं असं तो म्हणत नाही. पण 'कसरीसाठी'च्या पहिल्या पानावर त्याने त्या रहस्यकथेतला खुनी कोण ते लिहिलंय. त्याचं म्हणणं, स्वयंपाकीण. ते पुस्तक मी नंतर दुसरीकडे मिळवून वाचलं. खुनी वेगळाच आहे. स्वयंपाकीण जास्त पटते.

मामाला त्याची प्रत द्यायला मी आचऱ्याला गेले तेव्हा तो ओसरीवर पाय पसरून बसला होता. मामी त्याच्या गुडघ्यांना खोबरेल चोळत होती. त्याने पुस्तक घेतलं, चष्मा नसताना उगीच दोन पानं उलटली, कपाटाकडे बघितलं.

"फुडच्या गावपळणीक कुलूप लावचंय नाय," तो म्हणाला.

मामीने विचारलं कसलं कुलूप. त्याने उत्तर दिलं नाही, पुस्तक माझ्याकडे परत दिलं, आत नेऊन ठेव म्हणून. मुखपृष्ठावर त्याचा तेलाचा अंगठा उमटला होता, अख्खा, रेघान्‌रेघ दिसणारा. आमच्या कारखान्यात मजुरीच्या पावतीवर उठतो तसा.